कप्तानाच्या कुत्र्याचं घोरणं

सारंगाने टोपली टेबलावर ठेवली, वरचं ओलं फडकं काढलं, आणि मी दोन पावलं मागे सरलो. मला वाटलं, या कुत्र्याच्या तोंडावर कुणीतरी दगड घातला आहे. नाक चेहऱ्यात पार आत गेलेलं. डोळे बाहेर आलेले. जीभ जांभळी पडलेली, आणि गळ्यातून ओल्या लाकडावर करवत चालावी तसा आवाज.

"कोणी मारलं याला?" मी विचारलं.

"मारला नाय, डॉक्टर. ह्येची जातच अशी हाय. चीनचा हाय ह्यो."

मी तेव्हा रत्नागिरीच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. मंदीची ती वर्षं. मी मूळचा साताऱ्याकडचा, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरचा. सगळा दिवस बैलांच्या खांद्यावरची आवाळवं, म्हशींच्या सडांची सूज आणि लाळ-खुरकूत यातच जाई. कुत्रं दवाखान्यात आणायची पद्धत नव्हती. आजारी कुत्रं एक तर आपोआप बरं होई, नाही तर आपोआप मरे. दोन्हीसाठी डॉक्टर लागत नसे. आणि असलं चपट्या तोंडाचं कुत्रं मी मुंबईला शिकत असताना मडमांच्या मांडीवर लांबून पाहिलं होतं, तेवढंच.

कुत्रं आणणारा माणूस जयगडचा. रघुनाथ नाव, पण सगळे रघू सारंग म्हणत. आगबोटीवर डेकवर काम करणाऱ्या खलाशांचा जो मुख्य, तो सारंग. खलाशी कोण घ्यायचे हे सारंग ठरवतो, आणि तो साहजिकच आपल्या खाडीतले, आपल्या ओळखीचे घेतो. सारंगाची नोकरी टिकली तर त्याच्यामागे वीसेक घरांची चूल पेटते. त्या मंदीत मुंबईच्या बंदरात बोटी रिकाम्या उभ्या होत्या आणि जयगडला माणसं ओट्यावर बसून होती. त्यातच हे कुत्रं.

"माझा न्हवं ह्यो," सारंग म्हणाला. "आमच्या कप्तानाचा. टोबी नाव हाय. कप्तान रजेवर विलायतेला गेला. तिथला कायदा असा, की भायेरचा कुत्रा आला की म्हयनेच्या म्हयने कोंडून ठेवतात. कप्तानाला त्ये सोसना. मला बोलला, सारंग, तू घरी ने. मी आलो की नवी बोट घेनार हाय. टोबी माझ्या हातात दे, आन् बोटीवर माणसा तूच आण."

"आणि मेला तर?"

"तसा कायच बोलला नाय." सारंगाने फडकं परत ओलं करून कुत्र्याच्या डोक्यावर ठेवलं. "पर मुंबईत सारंग पुष्कळ बसलेत रिकामे."

मी कुत्र्याचं तोंड उघडून दिव्याने आत पाहिलं. या जातीची गंमत अशी, की माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून यांचा चेहरा आखूड केला. हाडं आखूड झाली. आतलं मांस मात्र होतं तेवढंच राहिलं. मोठ्या घरातलं बिऱ्हाड एका खोलीत आणून कोंबावं, तसं सगळं त्या घशात दाटीने बसलेलं असतं. आपल्या टाळूच्या मागच्या बाजूला एक मऊ पडदा असतो. टोबीचा तो पडदा इतका लांब होता, की श्वास घेताना दर वेळी तो श्वासनळीच्या तोंडावर जाऊन चिकटत होता. घोरणं म्हणजे त्या पडद्याचं फडफडणं. बोटीवर समुद्राचा वारा असे, तेव्हा हे निभावून गेलं. वैशाखातल्या कोकणी उकाड्यात कुत्रं धापा टाकायला लागलं, धापांनी घसा सुजला, आणि सुजलेल्या घशात तो पडदा अडकला.

"औषध द्या कायतरी जालीम," सारंग म्हणाला.

"औषधाचं काम नाही. कापावं लागेल."

"कुठं?"

"घशात."

सारंगाने कुत्र्याच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "आन् नाय कापला तर?"

"तर परत जयगडला नेण्याचा त्रास वाचेल."

माझं बोलणं असंच आहे. बायकोही तक्रार करते. सारंगाने मात्र मान हलवली आणि म्हणाला, "कापा."

कापा म्हणणं सोपं होतं. क्लोरोफॉर्म देऊन कुत्रं झोपवलं की घसा आणखी सैल पडणार आणि ते टेबलावरच संपणार. म्हणून आधी गळ्याला बाहेरून भोक पाडून श्वासनळीत एक नळी बसवायची. कुत्रं त्या नळीतून श्वास घेईल, क्लोरोफॉर्मही तिथूनच देता येईल, आणि तोंड मला कापायला मोकळं मिळेल. घोड्यांच्या श्वासनळीत अशी नळी बसवताना मी शिकत असताना पाहिलं होतं. माझ्याकडे घोड्याची नळी होतीही. त्या नळीत टोबीचं अख्खं डोकं गेलं असतं.

लहान मुलांना घटसर्प झाला, की माणसांचे डॉक्टर हेच करतात. शहरात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर होते. मी त्यांच्याकडे गेलो.

"जुनी एखादी लहान नळी द्याल का?"

ते ताडकन उठले. "कुणाचं पोर? इकडे आणायचं सोडून तू नळी काय मागतोस?"

"पोर नाही. कुत्रं आहे."

ते परत खाली बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता माझीच नाडी बघतात. मग कपाट उघडून मागून एक काळी पडलेली चांदीची नळी काढून दिली. "परत आणू नकोस," एवढंच म्हणाले.

त्या नळीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढे त्यावरच सगळं आलं. ती एक नळी नसते, नळीत नळी असते. बाहेरची गळ्यात बसते आणि फीत बांधून ठेवतात. आतली थोडी फिरवली की निसटून हातात येते. कफ साठला की आतली काढायची, धुवायची, परत बसवायची. कुत्र्याचा श्वास तेवढ्यापुरता बाहेरच्या नळीतून चालू राहतो.

ऑपरेशन दुपारी ओसरीवर केलं, कारण पश्चिमेचं ऊन तिथे सरळ आत येई. माझा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा मदतनीस, शिवराम क्लोरोफॉर्म द्यायला बसला. हजामतीचा आरसा मी सारंगाच्या हातात दिला आणि सांगितलं, उन्हाचा कवडसा बरोबर घशात पडला पाहिजे. समोर घरचा माणूस उभा केला की तो निम्म्यात चक्कर येऊन पडतो, हा माझा अनुभव. पण सारंग पाय रोवून उभा राहिला.

आधी मॉर्फिया दिला. मग गळ्याची कातडी कोकेनने बधिर केली, श्वासनळीच्या दोन कड्यांच्या मधे छेद घेतला आणि नळी आत सरकवली. सूं करून हवा गेली आणि तो करवतीचा आवाज एकदम थांबला.

"गेला!" सारंग म्हणाला.

"आरसा धरा. जीभ बघा त्याची."

जांभळी जीभ हळूहळू गुलाबी झाली. सारंगाने पाहिलं आणि कवडसा परत जागेवर आणला.

मग तोंड फितींनी ताणून उघडलं. रक्त खाली उतरू नये म्हणून डोकं टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत ठेवलं. पडदा चिमट्यात धरून पुढे ओढला तेव्हा माझाच विश्वास बसेना. एवढ्याशा कुत्र्यात एवढं मांस. तो इतका पुढे आला, की दातांपर्यंत पोचला. जिवंत जनावर या सामानानिशी आजवर श्वास घेत होतं, याचाच मला धक्का बसला.

किती कापायचं, हा प्रश्न होता. कमी कापलं तर आजार तसाच. जास्त कापलं तर त्याहून वाईट, कारण हा पडदा नाकाची मागची वाट झाकतो. तो आखूड झाला की प्यायलेलं पाणी जन्मभर नाकातून येतं. मी हे ऑपरेशन पूर्वी केलेलं नव्हतं, पाहिलेलंही नव्हतं. कुठपर्यंत कापायचं ती रेघ मी मनात धरली आणि कात्री लावताना नखभर अलीकडेच लावली. मग ॲड्रेनॅलिनचा बोळा दाबून धरला. रक्त थांबलं.

शिवराम वाकून बघत होता. "साहेब, अजून लोंबतंय थोडं."

"लोंबू दे."

मी जरा रागानेच म्हणालो, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण हात परत आत घालायचा धीर मला झाला नाही.

सारंगाला मी सगळं नीट समजावलं. आत जखम आहे, ती सुजणार. सूज उतरेपर्यंत याचं नाक आणि तोंड बंद आहे असंच समजा. याचा प्राण या नळीत आहे. नळीत पाणी जाऊ द्यायचं नाही, माशी जाऊ द्यायची नाही, फडकं पडू द्यायचं नाही. सारंग रात्रभर राखणीला बसला. सकाळी मी पाहिलं तर कुत्रं शुद्धीवर होतं, शेपटीचं वेटोळं थोडं हलवत होतं, आणि नळीतून सूं सूं श्वास चालला होता. मी समाधानाने जवळच्या कर्ल्याला गेलो. तिथे एक म्हैस अडली होती.

दुपारी परत आलो. ओसरीवर पाय ठेवला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सूं सूं ऐकू येत नव्हतं.

जागून थकलेला सारंग भिंतीला टेकून झोपला होता. कुत्र्याजवळ एक काळासावळा, रुंद हातांचा माणूस उकिडवा बसला होता. हा सारंगाचा थोरला भाऊ भिकाजी. गलबताच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवायच्या, हा त्याचा धंदा. रत्नागिरीच्या बंदरात एक गलबत दुरुस्तीला लागलं होतं, तिथे तो कामावर होता. भावाला आणि कुत्र्याला भेटायला जेवणाच्या सुट्टीत, कापूस-राळेची पिशवी काखेत मारून आला होता.

"शांत झालाय बगा आता," भिकाजी मला म्हणाला. "मगाशी नुसता सूं सूं करत होता. बगतो तर गळ्याला ह्ये भोक. सगळा वारा भायेर जात होता. दम निघून गेला तर मरंल नाय काय? कापूस चांगला पिळून भरलाय. वरसून राळ घातलीय. आता थेंब जायाचा नाय."

मी आजवर बैल विहिरीत पडलेला पाहिला आहे, वाघाने अर्धी खाल्लेली गाय जिवंत पाहिली आहे. त्या दुपारी माझे हातपाय गार पडले तसे कधी पडले नाहीत. नळीचं तोंड गुळगुळीत बंद होतं. काम खरोखर सुरेख केलेलं होतं. टोबीची जीभ काळीनिळी पडून बाहेर लोंबत होती आणि डोळे वर गेले होते. त्याची छाती आत ओढली जात होती, पण आत काही जात नव्हतं.

मी भिकाजीला ढकललं. तो कलंडला. शिवरामला हाक मारली. कापूस ओढायला गेलो तर राळेत घट्ट बसलेला. चिमट्याने धरला तर वरचा पुंजका तुटून हातात आला, खालचा तसाच. मग डोक्यात उजेड पडला, की कापूस आतल्या नळीत आहे. आतली नळीच काढली तर कापूस तिच्याबरोबर येईल. ती फिरवायला गेलो, तर राळ कडेने ओघळून दोन्ही नळ्यांच्या मधे बसली होती. नळी फिरेना. मी चाकूच्या टोकाने राळ खरवडू लागलो. गोंगाटाने जागा झालेला सारंग काय झालं म्हणून विचारत होता, आणि त्याला उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

राळेचा एक तुकडा उडाला. नळी फिरली. मी ती उपसून काढली आणि बाजूला टाकली.

कुत्र्याने श्वास घेतला नाही.

मी दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांवर ठेवून दाबायला लागलो. दाबायचं, सोडायचं. बाहेरच्या नळीतून माझ्या दाबण्याने हवा येत होती आणि जात होती, पण ती माझी होती, कुत्र्याची नव्हती. सारंगाने भावाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. तो शिवी देईल असं मला वाटलं. त्याने डोळे मिटले आणि जयगडच्या देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, तुझ्या खाडीतली लेकरा उपाशी हायत, आन् त्येंचा घास ह्या मुक्या जनावराच्या नरड्यात अडकलाय, त्यो तू मोकळा कर. शिवराम प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होता. मीही दाबता दाबता म्हणायला लागलो. घाटावरचा असून.

टोबी खोकला. नळीतून कफाचा एक गोळा उडून माझ्या शर्टावर पडला. मग परत खोकला, आणि सूं सूं सुरू झालं.

भिकाजी कलंडला तिथेच डोकं धरून बसला होता. त्याचा काही दोष नव्हता असं मी आज म्हणू शकतो. जन्मभर त्याने भोक दिसलं की बुजवलं आणि त्यामुळे माणसं जिवंत किनाऱ्याला लागली. भोकाने कुणी जगतं, हे त्याला कोण सांगणार? सारंगाला मी सांगितलं होतं. भिकाजी तेव्हा तिथे नव्हता. त्या क्षणी मात्र मी त्याला जे बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिकाजी कामावर गेला नाही. माडाच्या झापाचा एक तुकडा घेऊन नळीसमोर वारा घालत बसला. माशीची काय टाप, मी स्वतः नळीला हात लावायला गेलो तरी आधी विचारी, "काय करताव?" राळ काढून परत बसवलेली आतली नळी रोज उकळत्या पाण्यात धुवायची, ती तोच धुवे. पातळ पेज आणि दूध तोच चमच्याने पाजी. भावाशी तो त्या काळात एक शब्द बोलला नाही, आणि भाऊही त्याच्याशी बोलला नाही. दोघांच्या मधे कुत्रं मात्र रोज सुधारत गेलं.

सूज उतरली असं वाटलं तेव्हा मी नळीच्या तोंडावर बोट ठेवलं. भिकाजीने तोंड फिरवलं. आम्ही ऐकत होतो. टोबी नाकाने श्वास घेत होता. करवत नाही, सूं सूं नाही, काहीच नाही.

"डॉक्टर, आवाज नाय," सारंग म्हणाला.

"नाही."

"जिवंत हाय ना?"

"हो. कुत्री अशीच श्वास घेतात."

नळी काढली. भोक आपोआप भरून आलं. भिकाजी ते रोज बघे आणि मान हलवी, कारण कापूस आणि राळ नसताना भोक बुजतं हे त्याला पटत नव्हतं. पुढे दोघं भाऊ कुत्र्याला घेऊन जयगडला गेले. पावसाळाभर टोबी शेणाने सारवलेल्या जमिनीवर मान लांब पसरून झोपला आणि त्याचा आवाज झाला नाही, असा निरोप मला आला. मी खूश होतो. मुंबईच्या माझ्या गुरूंना हे कधी सांगतो, असं मला झालं होतं.

नारळी पौर्णिमा झाली, किनाऱ्याच्या बोटी परत सुरू झाल्या, आणि एक दिवस सारंग दवाखान्याच्या दारात उभा राहिला. निळा कोट, गळ्यात साखळीला चांदीची शिटी. ही शिटी म्हणजे सारंगाची निशाणी. तिच्यावर खलाशी हलतात.

"कप्तान आलाय. कुत्र्यासाठी मुद्दाम आलाय. डाकबंगल्यात हाय. तुमी चला. आपरेशनचा इंग्रजी मला जमायचा नाय."

मी कोट घातला. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच निघालो होतो.

कप्तान उंच, उन्हाने भाजलेला आणि मोजकं बोलणारा माणूस होता. आम्ही फाटकात शिरलो आणि टोबीने सारंगाच्या हातातून उडी टाकली. अंगण ओलांडून, पायऱ्या चढून तो धावत ओसरीवर गेला आणि कप्तानाच्या बुटांशी नाचू लागला. मी सारंगाकडे पाहून हसलो. पूर्वी हे कुत्रं चार पावलं टाकली की बसत असे.

कप्तान हसला नाही. त्याने कुत्र्याला उचललं, तोंड आपल्या कानाशी नेलं आणि ऐकत राहिला. मग त्याला हळूच खाली ठेवलं.

"हा टोबी नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, माझं इंग्रजी कच्चं पडलं. पण त्याने पुन्हा तेच सांगितलं. माझा टोबी पायऱ्या चढत नाही. माझा टोबी घोरतो. झोपेत घोरतो, जागेपणी घोरतो. केबिनच्या दाराबाहेर ऐकू येतं. हा त्या जातीचा आहे, रंग तोच आहे, पण हा टोबी नाही.

मग तो सारंगाकडे वळला आणि बोटीवरच्या हिंदुस्थानीत अगदी शांतपणे म्हणाला, "सारंग, टोबी मर गया तो बोलो. गरमी था, मर गया, तुम्हारा कसूर नहीं. लेकिन दूसरा कुत्ता लाके झूठ बोला, तो हमारा तुम्हारा खलास."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. कुत्रं मेलं असतं तर सारंगाची नोकरी वाचली असती. ते मी बरं केलं, म्हणून जात होती.

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. पडदा, नळी, क्लोरोफॉर्म. गळ्यावरचा व्रण दाखवला. कप्तान सभ्यपणे ऐकत होता, आणि त्याला त्यातलं अक्षरही खरं वाटत नव्हतं. "डॉक्टर," तो म्हणाला, "चीनच्या कुत्र्याचा गळा या गावात कुणीतरी कापला, आणि तो पूर्वीपेक्षा बरा झाला, असं तुमचं म्हणणं आहे?"

असं ऐकलं की मलाही ते खरं वाटेना. मी संतापलो. सरकारी नोकर आहे, खोटं कशाला बोलू, असं काहीतरी बोललो. कप्तानाने हात वर करून मला थांबवलं.

सारंग वाद घालत नव्हता. त्याने गळ्यातली साखळी काढली, शिटी कप्तानासमोरच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साब, हम झूठ नहीं बोला." एवढंच. मग हात मागे बांधून उभा राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना. त्या एका शिटीबरोबर कोण कोण त्या टेबलावर ठेवलं गेलं, ते त्याला नावानिशी माहीत होतं.

कप्तान आरामखुर्चीत मागे टेकला आणि त्याने डोळ्यांवर हात घेतला. त्याच्या हिशेबी त्याचं कुत्रं मेलं होतं. आम्ही निघावं की थांबावं, काही कळेना.

टोबीने खुर्चीशी घुटमळून एक उडी मारली. चुकली. दुसरी मारली. कप्तानाच्या पोटावर चढला, तिथून छातीवर गेला, दोनदा गोल फिरला आणि आपलं चपटं तोंड कप्तानाच्या हनुवटीखाली, कॉलरच्या खाचेत कोंबून बसला. मान पार दुमडली गेली. कप्तान हलला नाही. थोड्या वेळाने कुत्र्याला झोप लागली.

आणि मग आवाज आला. खर्र. बारीकसा, लांबून आल्यासारखा. परत खर्र.

डॉक्टर म्हणून मला आधी लाज वाटली. तो नखभर पडदा. मान सरळ होती तोवर तो गप्प होता, मान दुमडली तसा तो लागला फडफडायला. अजून लोंबतंय थोडं, असं शिवराम म्हणाला होता.

कप्तानाने डोळ्यांवरचा हात काढला नाही. पण त्याचा दुसरा हात हळूहळू वर आला आणि कुत्र्याच्या पाठीवर स्थिर झाला. "टोबी," तो म्हणाला. हाताखालून पाणी गालावर आलं होतं. साहेबाला रडताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

बऱ्याच वेळाने त्याने शिटी उचलून सारंगापुढे धरली. उठला नाही, कारण कुत्रं झोपलं होतं. सारंगाने शिटी गळ्यात घातली आणि तो ओसरीच्या टोकाला जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

मी निघालो तेव्हा कप्तानाने मला थांबवलं. आभार मानले, मनापासून मानले. मग जरा संकोचून विचारलं, "डॉक्टर, पूर्वीसारखं थोडं परत करता येईल का? केबिनमध्ये मला त्या आवाजाशिवाय झोप येत नाही." मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो विनोद करत नव्हता.

नवी बोट सुटली तेव्हा तिच्यावर जयगडच्या खाडीतली माणसं होती. भिकाजी गेला नाही. लोखंडाच्या बोटीला फटी नसतात, मी तिथे काय करू, असं तो म्हणाला. पण भावाला पोचवायला तो बंदरावर आला होता, आणि दोघं बोलत होते.

पुढच्या आयुष्यात असली चपट्या तोंडाची कुत्री आणखी काही माझ्या हाताखालून गेली. आता नवे डॉक्टर येतात, चांगली हत्यारं घेऊन येतात, आणि कधी मला विचारतात. मी त्यांना सांगतो, पडदा कापताना रेघेच्या नखभर अलीकडे थांबा. ते कारण विचारतात. मी त्यांना पुस्तकातलं कारण सांगतो.